किडलेल्या शिसवी टेबलाचा इलाज

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे हा नमस्कार कागदावरच गोड मानून घे. कंबर का धरली ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, असं मी मागच्या पत्रात विचारलं होतं, त्यावर तू "आम्ही तळमजल्यावर राहतो" एवढंच कळवलंस. भाऊजींची तब्येत बरी असेल. मी करून दिलेली कवळी ते खिशात न ठेवता तोंडात ठेवतात ना? किल्ल्यांबरोबर खिशात राहून तिचे दोन दात पडले तर दोष माझ्या माथी येईल, आणि भाऊजींची जीभ दातांशिवायसुद्धा किती धारदार आहे हे मला ठाऊक आहे. इकडे सर्व क्षेम. म्हणजे घरात बसायला जागा नाही, पँटला पॉलिश लागलंय आणि मी आनंदात आहे.

तुला बाईंबद्दल मी फोनवर अर्धवट सांगितलं होतं. (अर्धवट अशासाठी, की तू मध्येच भाऊजींना हाक मारलीस आणि फोन स्पीकरवर टाकलास.) आता पूर्ण ऐक. बाई शाळेत भूगोल शिकवतात. अक्कलदाढ काढायला म्हणून माझ्याकडे आल्या आणि तोंडात भूल, कापूस आणि माझी दोन हत्यारं असताना, माझ्या कॅलेंडरवर गेलेला महिना अजून चालू आहे, हे त्यांनी मला बोटानं दाखवून दिलं. दाढ गेली, ओळख राहिली. संध्याकाळी आम्ही फिरायला जातो. त्या मला ढग दाखवतात, मी त्यांना येणाऱ्या-जाणाऱ्यांचे दात. हिला जाऊन आता बरीच वर्षं झाली, मुलगा दूरच्या गावी, आणि घरात आवाज म्हणशील तर फक्त फ्रिजचा; तो मध्येच थांबला की मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. मी एकटा आहे, ताई, आणि मला ते आवडत नाही. म्हणून एके दिवशी मी धीर करून बाईंना विचारलं. आयुष्यभर लोकांना "आ करा" म्हणणाऱ्या माझं तोंड स्वतः उघडताना जी अवस्था झाली ती सांगत नाही. बाई म्हणाल्या, घर बघते, मग सांगते.

आता माझं घर तू पाहिलेलं आहेस. पुढे दवाखाना, मागे घर, आणि दवाखान्यात जे जे म्हातारं होतं ते मागे राहायला येतं. बैठकीत पेशंटसाठीच्या एकमेकींना जोडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. पेपर वाचायला पेशंटची जुनी खुर्ची, जी पायानं दाबली की आडवी होते. (तिच्यावर मला वाचनापेक्षा झोप जास्त लागते, हा तिचा दोष.) बाईंनी चहा घेतला, सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाल्या, "डॉक्टर, इथे बसलं की आता माझा नंबर पुकारतील असं वाटतं." घर घरासारखं झालं की पुन्हा बोलवा, उत्तर तेव्हा देईन, असं सांगून त्या गेल्या.

घर घरासारखं म्हणजे कसं, हे विचारायचं राहिलं. पण मी डोकं चालवलं. ज्या बाईचा जन्म डोंगर आणि पठारं शिकवण्यात गेला, तिला जे जुनं, जड आणि जागचं न हलणारं असेल तेच आवडणार. म्हणजे शिसवी फर्निचर. जुन्या काळचं, काळंभोर, कोरीव पायांचं. हा तर्क मला तेव्हा इतका बिनतोड वाटला, की मी दुपारचे पेशंट दुसऱ्या दिवशीवर ढकलून जुन्या सामानाच्या दुकानात गेलो.

त्या दुकानदाराला सगळे जजसाहेब म्हणतात, कारण त्याच्याकडची प्रत्येक वस्तू कुठल्यातरी जजच्या घरातून आलेली असते. पलंग जजचा, टेबल जजचं, आरामखुर्ची जजची, आणि एक छत्र्या ठेवायचा स्टँड जजच्या सासऱ्यांचा. (एवढ्या कपाटांची कुलपं काढता काढता तो बिचारा जज निकाल कधी देत होता, देव जाणे.) मी खिशातून माझा छोटा आरसा आणि टोकदार सळई काढली आणि टेबलाखाली आडवा झालो. सवय, दुसरं काय? वस्तू घ्यायची म्हणजे आतून बघायला नको? जजसाहेबांना ते लागलं. आजवर कुणी आमच्या मालाच्या तोंडात हात घातला नव्हता, असं ते म्हणाले. मी टेबल, सहा खुर्च्या, आरामखुर्ची आणि आरसा लावलेलं एक कपाट पसंत केलं. कपाट बघून मनात आलं, याच्यासमोर बाई उभ्या राहून कुंकू लावतील. मग मला दुकानात उगाचच खोकला आला.

सामान आलं, पण घरात जाईना. दवाखान्यातून मागे जायचं दार माझ्या मापाचं आहे, जजच्या नव्हे. हमालांनी कपाट आडवं केलं, तिरकं केलं, उलटं केलं, शेवटी मला म्हणाले, दार तोडा. मी म्हटलं, मीही हात लावतो, आणि कंबर धरली ती तेव्हा. मग सुतारमामा येईपर्यंत सगळा शिसवी दरबार दवाखान्यातच थाटला. पेशंट आरामखुर्चीत बसायला भांडू लागले. एक गृहस्थ तिच्यात असे गाढ झोपले, की त्यांचा नंबर येऊन गेला, दुखणंही गेलं आणि ते मला धन्यवाद देऊन घरी गेले. उलट कपाटाच्या आरशात स्वतःचा सुजलेला गाल बघून एक काकू आत न येताच परत फिरल्या. धंदा एकूण बुडाला, पण रौनक वाढली.

सुतारमामा कसबी माणूस आहेत, मात्र त्यांची एक दाढ वर्षभर ठणकते आहे आणि ते मला टाळतात. माझ्याकडे यायची त्यांची अटच आहे, की त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही. त्यांनी चौकट काढून सामान आत नेलं आणि जाताना टेबलावर बोट ठेवून सांगितलं, की याला कीड आहे. खरंच, ताई, वरच्या फळीला बारीक बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुगा. मेण आणि भुसा कालवून उद्या भरून देतो, असं ते म्हणाले. हा उद्या कुठला, ते मी ओळखलं. दाढ दाखवायला ते मला वर्षभर हाच उद्या देत आहेत.

आता तूच सांग. समोर कीड, घरात ड्रिल, आणि मी दातांचा डॉक्टर. हात बांधून बसू? मी मास्क लावला, हातमोजे चढवले आणि दिवा टेबलावर वळवला. एकेक भोक साफ केलं, कीड खरवडली, हवेनं कोरडं केलं, वर दात भरायचं सिमेंट भरून निळ्या दिव्यानं घट्ट केलं. इतकं नीटस काम मी माणसांच्या तोंडातही क्वचित केलं असेल, कारण टेबल थुंकत नाही आणि मध्येच "झालं का" म्हणून विचारत नाही. काम संपल्यावर मी मागे सरून कौतुकानं पाहिलं, आणि मग माझ्या लक्षात आलं, की हे सिमेंट पांढरं आहे. दाताच्या रंगाचं. माझ्याकडे त्यात शुभ्र ते पिवळट सगळ्या छटा आहेत, पण शिसवी नाही, कारण काळ्या दाताला काळंच भरा म्हणणारा पेशंट मला आजवर भेटलेला नाही. काळ्या टेबलावर भर दुपारी चांदणं पडलं होतं.

सुतारमामा आले. (उद्या नव्हे, तेरवा.) टेबल बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला, तो हसू दाबायला की दाढ लपवायला ते कळलं नाही. त्यांनी दोनदा काळं पॉलिश फिरवलं. लाकडानं ते पिऊन टाकलं आणि सिमेंटनं झटकून टाकलं. सिमेंटच्या डब्यावर लिहिलंच होतं, यावर कशाचाही डाग पडत नाही. माझ्या हयातीत खरी निघालेली ही पहिली जाहिरात. मी हताश होऊन एका खुर्चीत बसलो, तर तिचं पॉलिश ओलं. अशा अवस्थेत दाराची बेल वाजली आणि बाई आल्या. दवाखान्यातला गोंधळ शाळेपर्यंत पोचला होता म्हणे.

मी टेबलावर चादर टाकणार होतो, पण मला खुर्चीतून उठता येईना. बाईंनी टेबल पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, झालं, आता जोडलेल्या खुर्च्याच आपल्या नशिबी. त्यांनी चष्मा पुसला, एका पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय? मी म्हटलं, इथली कीड खोल होती. आणि हे? ते वरवरचं होतं, लवकर भरलं. मग त्या एकेक ठिपका विचारत गेल्या आणि मी खुर्चीला चिकटल्या चिकटल्या एकेकाची हकिगत सांगत गेलो. कडेचे चार जवळजवळ होते, त्यांना त्या बेटं म्हणाल्या. शेवटी म्हणाल्या, "डॉक्टर, भूल दिली होती ना याला?" आणि हसत सुटल्या. इतकं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. (वरची डावी दाढ भरायला हवी आहे, पण ते राहू दे.) माझ्या घरात एवढा मोठा आवाज कित्येक वर्षांत झाला नव्हता, आणि फ्रिज चालू होता की बंद, ते मला आठवत नाही.

मग त्या कपाटापाशी गेल्या, दार उघडून आत बघितलं आणि विचारलं, "यात माझे नकाशे मावतील का?" मी म्हटलं, मावतील. माप वगैरे काही घेतलं नाही. त्यांनी चहा घेतला आणि गेल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत.

तरी मला आशा आहे. तुझ्या गुडघ्याला जप. भाऊजींना नमस्कार आणि त्यांच्या कवळीला माझे आशीर्वाद.

तुझाच,
धाकटा

ता. क. — एवढं लांब पत्र लिहिलं ते एका कामासाठी. मुलाला अजून काही सांगितलेलं नाही. मला धीर होत नाही. तुझं तो ऐकतो. तू त्याला फोन करून हळूच सांगशील का? आधी हवापाण्याचं बोल, मग फर्निचरचं, आणि मग बाईंचं.

दुसरा ता. क. — पेशंटच्या नुसत्या श्वासावरून कुठे दुखतंय ते मला कळतं, पण नकाशांविषयी विचारणं म्हणजे होकार की नकार, ते कळत नाही. तू बाईमाणूस आहेस. उलट टपाली कळव.

तिसरा ता. क. — ताईंना नमस्कार. हे अक्षर माझं, म्हणजे भूगोलाच्या बाईंचं. डॉक्टरांचं अक्षर पोस्टमनला लागत नाही, म्हणून पाकिटावर पत्ता लिहायला हे पत्र त्यांनी माझ्याकडे उघडंच दिलं. मी जन्मभर पेपर तपासले आहेत. हातात आलेला कागद न वाचता पुढे सोडणं मला जमत नाही. थोड्या दुरुस्त्या करते. काळ्या लाकडाविषयी मी आजवर एक अक्षर बोललेले नाही. प्लास्टिकच्या खुर्च्यांनाही माझी हरकत नव्हती. माझा नंबर पुकारतील असं वाटायचं ते बैठकीतल्या भिंतीवर टांगलेल्या किडलेल्या दाढेच्या चित्रामुळे. ते दाराएवढं आहे, आणि या एवढ्या पत्रात त्याचं नावही नाही, कारण ते त्यांना दिसतच नाही. त्याच्यासमोर माझ्या घशाखाली चहा उतरत नाही. सगळं शिसव येऊन पडलं, चित्र जिथल्या तिथे. आज डॉक्टर पेशंटमध्ये असताना मी ते उतरवलं. खिळा पक्का आहे. त्याच खिळ्याला माझा जगाचा नकाशा लावून पाहिला, छान बसतो. तो आता तिथेच राहील, आणि मीही. मुलाला मात्र तुम्ही सांगू नका. ह्यांनाच सांगू द्या. मी शेजारी बसते.