सांगायला मी गेलो नव्हतो

मास्तर, तुमच्या बोटातली चांदीची अंगठी मेजावर वाजायची, तो आवाज अजून कानात आहे. शेजारच्या वर्गात उर्दूचा तास चालायचा. आपल्याकडं मोठ्यानं कविता म्हटली की तिकडचे मौलवीसाहेब दारात येऊन उभे राहायचे. म्हणून तुम्ही कविता ओठातल्या ओठात म्हणायचात आणि वृत्ताच्या मात्रा अंगठीनं मोजायचात. टक्, टक्-टक्, टक्. शाळा उर्दूची, मराठीचे तास आठवड्यात दोनच. बाकीचे दिवस मी त्या दोन तासांची वाट बघायला शाळेत जायचो म्हटलं तरी चालेल. आता डोळ्यांनी फार वेळ वाचवत नाही. दुपारी पडल्या पडल्या नखानं खाटेच्या लाकडावर मात्रा मोजत राहतो, आणि सुनेला वाटतं म्हाताऱ्याला पाणी हवंय.

मी मॅट्रिक झालो ते वर्ष तुम्हाला आठवत असेल. वडिलांनी हिंगोलीच्या कचेरीत माझ्यासाठी कारकुनाची जागा बोलून ठेवली होती. दसरा झाला की रुजू व्हायचं. एकदा तिथं बसलो की जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज उतरवायचे, हे मला दिसत होतं. पण दुसरं काय करावं ते दिसत नव्हतं. स्टेशनमास्तर व्हावं असं वाटायचं, तेसुद्धा गाडीच्या चाकांत मला वृत्त ऐकू यायचं म्हणून. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत. काकू माहेरी गेल्या होत्या, तुम्ही चुलीपुढं बसून वाकड्यातिकड्या भाकरी थापत होतात. तव्यावरची भाकर उलथत म्हणालात, "ज्याचं काम हवंसं वाटतं त्याच्या शेजारी जाऊन बस. नोकरी मागू नको. दिवस कसा जातो, काय खुपतं, पुन्हा जन्म मिळाला तर हेच कराल का, एवढंच विचार. आणि ठरलं की घरी आपल्या तोंडानं सांग. विचारायला दहा दारं हिंडावं, सांगायला मात्र आपणच जावं."

मी गेलो, पण पहिल्याच दारी चुकलो. स्टेशनमास्तरांना भेटायला चाललोय म्हटल्यावर वडिलांनी शेरभर तूप बांधून दिलं. मोठ्या माणसाकडं रिकाम्या हातानं जाऊ न्हाई, ही तेव्हाची रीतच. साहेबांनी तूप आत पाठवलं, मला चहा पाजला, नोकरी कशी राजासारखी आहे ते सांगितलं आणि जागा निघाली की बघू म्हणाले. मी हरखून तुमच्याकडं आलो. तुम्ही आवाज चढवला नाहीत, पण त्या दिवसाइतकं कुणीच मला बोललं नाही. "तूप दिलंस, तूपच मिळालं. गुळगुळीत बोलणं. अरे, तूप घेऊन जातो तो अर्जदार. अर्जदाराला कोण आपलं दुखणं सांगतं?"

मग सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरचाचांकडं गेलो तो मोकळ्या हातानं. त्यांनी आधी माझे हात बघितले, मग विचारलं, "कुणाची चिठ्ठी आणली?" कुणाचीच नाही, तुमचं काम कसं असतं ते विचारायला आलो, म्हटल्यावर ते बाहेरच्या रोग्यांना ऐकू जाईल असं बोलले, "घ्या! हे पोरगं औषध सोडून कंपाउंडरच मागून राहिलं." सगळे हसले. मला मात्र त्यांनी बाकड्यावर जागा करून दिली. चार दिवस बसलो. ते खलात काहीतरी घोटताहेत, बाटलीवर कागदाचे दाते कापून चिकटवताहेत, म्हणजे किती घ्यायचं ते अडाण्यालाही कळावं, आणि हात चालू ठेवून माझ्याशी बोलताहेत. पगार थोडा, मान डॉक्टरला, शिव्या कंपाउंडरला. पटकीच्या साथीत तीन तीन दिवस घर दिसत नाही. स्वतःचं एक लेकरू त्या साथीत गेलं, हेही त्यांनी बाटलीचं बूच दाबता दाबता सांगितलं. मी कविता म्हणतो हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. म्हणाले, "बेटा, इथं बी मोजमापच हाय. पर एक थेंब जादा पडला तर शायरीचा शेर न्हाई निघत, जनाजा निघतो."

पुन्हा जन्म मिळाला तर, हे विचारायला मला चौथा दिवस उजाडला. गेल्या आठवड्यात गाडीत घालून आणलेली एक बाई तेवढ्यात आपल्या पायांनी दारातून आत आली. चाचांनी तिच्याकडं मान वळवली आणि म्हणाले, "व्हय. हेच."

तिथंच माझं ठरलं. हैदराबादला जाऊन हे काम शिकायचं. चाचांना ते सांगितलं; घरी सांगितलंस का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी मान खाली घातली.

ज्या दिवशी रुजू व्हायचं होतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला येऊन सांगितलं की कचेरी सुटली, वडील कबूल झाले. घरी कुणी सांगितलं, हे तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, मीच. तुमचे डोळे भरून आले. तुमच्या हातानं उतरवलेल्या कवितांची वही तुम्ही मला दिलीत आणि पहिल्या पानावर लिहिलंत, 'स्वतः सांगणाऱ्यास.' अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात तेव्हा मी लांबच्या दवाखान्यात होतो, धामधुमीमुळे रस्ते बंद होते, बातमी आठ दिवसांनी कळली. जन्मभर औषधं मोजली, चूक होऊ दिली नाही. वही मात्र उघडताना पहिलं पान मी नेहमी सोडून देतो.

कारण मास्तर, मी सांगितलं नव्हतं. हे तुम्ही असताना बोलायला हवं होतं. आता लिहितोय, पण पाकीट आणलेलं नाही.

रुजू व्हायच्या आदल्या दिवशी वडील गावाहून, शिरड शहापूरहून, येऊन माझ्या हिंगोलीतल्या भाड्याच्या खोलीत उतरले आहेत. नवं धोतर, नवी टोपी खुंटीला लावली आहे. दिवेलागण झाली आहे. ते विचारतात, "उद्या कचेरीत वेळेवर जाशील न्हवं?" चार दिवस घोकलेलं सगळं बाजूला राहतं, आणि खुंटीवरच्या टोपीकडं बघत मी म्हणतो, "व्हय, जातो."

तेवढ्यात कडी वाजते. वडील उठून दार उघडतात. आमच्या गल्लीत कधी पाऊल न टाकलेले कंपाउंडरचाचा उंबऱ्याबाहेर उभे असतात.

"पाटील," ते म्हणतात, "तकलीफ देतो. तुमच्या पोराचं एक बोलणं हाय. त्याच्यानं व्हणार न्हाई, म्हणून मी आलो."