न्यू कॉरिंथची शिरगणती

४ सप्टेंबर १८१५

पोचले एकदाची. सोळा दिवस होडीत बसून पाठीचा लाकडी फळा झाला आहे, पण वॉबॅश नदीच्या वळणावर गाव दिसलं आणि शीण उतरला. ओकची झाडं तोडून काढलेला एकच रस्ता, दोन्ही बाजूंना ओंडक्यांची घरं, मधोमध कोर्टासाठी सोडलेला चौक. कोर्ट अजून मेजर लेम्युएल हार्गिस यांच्या डोक्यातच आहे, पण झुडपं साफ करून झाली आहेत.

मेजर स्वतः धक्क्यावर आले होते. माझा नवरा एसा त्यांच्याच तुकडीत होता. पावणेतीन वर्षांपूर्वी रेझिन नदीच्या लढाईत पडला. मेजर चार लोकांसमोर म्हणाले की एसाची बायको ती आमची बहीण, तिला न्यू कॉरिंथ उघड्यावर टाकणार नाही. मला एक खोली दिली, चूल दिली, कामही दिलं. ऑक्टोबरात शिरगणतीवाला येणार आहे. मुलखात साठ हजार डोकी भरली की मुलखाचं राज्य होणार, आणि ज्या गावात दोनशे भरतील तिथे जिल्ह्याचं कोर्ट. मी घरोघर फिरून नावांची यादी करायची. गावात नीट लिहिणारं दुसरं कोणी नाही. मी लिहायला शिकले ती जुन्या पंचांगांवरून, एकटी, चुलीच्या उजेडात. त्याचा असा उपयोग होईल हे कुणाला ठाऊक होतं!

मेजरच्या बायकोने, पर्मीलियाबाईंनी, मक्याची भाकरी आणि डुकराचं मांस वाढलं. भाकरी खाल्ली. रेझिनच्या काठी आमची माणसं बर्फात तशीच पडून राहिली होती आणि नंतर तिथे डुकरं फिरली, असं परत आलेल्या एकाने मला सांगितलं होतं. तेव्हापासून डुकराचं मांस मी तोंडात घालत नाही. बाईंना फक्त भूक नाही म्हणाले.

गाव निरोगी आहे. मेजर अभिमानाने सांगत होते, या वर्षी न्यू कॉरिंथमध्ये एकही खड्डा खणावा लागला नाही.

८ सप्टेंबर

साठ नावं झाली. आज नावाडीण लव्हिनी टीलकडे गेले. नाव ती एकटीच चालवते. दंड गड्यासारखे, तोंड त्याहून जोरकस. मी धक्क्यावर उभी राहिले तर म्हणाली, ये गं बाई, मला मोजायला आलीस ना, मग दोनदा मोज, माझ्यात दोघी बसतात.

तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी मिसुरीला जमीन बघायला गेला तो गेलाच. मेजरने दिलेल्या कच्च्या यादीत मात्र त्याचं नाव होतं. मी विचारलं तेव्हा ती इतकी हसली की वल्हं हातातून सुटलं. म्हणाली, लिही की! पुढे असंही लिही, की न्यू कॉरिंथमध्ये राहतो आणि मिसुरीत पितो. मी लिहिलं नाही, पण किती दिवसांनी हसले.

नावेत इथल्या मूळच्या मायामी जमातीची एक बाई होती, टोपल्या विकायला आलेली. तिचं माहेर याच वळणावर होतं, कोर्टाच्या चौकाच्या जागी त्यांचं मक्याचं शेत होतं, असं लव्हिनी म्हणाली. संध्याकाळी मी मेजरना विचारलं, तिला कुठल्या रकान्यात घालू? ते हसले. म्हणाले, बाई, डोकी मोजायची आहेत आपल्याला. मग जेवताना त्यांनी भाषणाचा सराव केला. ही भूमी रिकामी होती, आपण तिला माणसं दिली. ते वाक्य मला तीनदा नीट लिहून काढायला लावलं.

१३ सप्टेंबर

तेवीस माणसं भेटतच नाहीत. पिंपं करणारा एमस लिटलपेज, बहिणी-बहिणी असलेल्या दोघी क्रॅबट्री म्हाताऱ्या, गिरणीवाल्याचा सगळा संसार. दार अर्धं उघडतं, आतलं माणूस म्हणतं की तापाने पडलेत, नाव लिहा आणि जा. मी लिहिते.

आणखी एक गोष्ट. मेजरच्या आवारात मांसाला धुरी द्यायची खोली आहे. ती रात्रंदिवस धुमसते. मी शेतकऱ्याची पोर. डुकरं कापायची ती कडाक्याची थंडी पडल्यावर, नाहीतर मांस सडतं. सप्टेंबरात, या उकाड्यात, कोण कापतं? पर्मीलियाबाई म्हणाल्या, गेल्या वर्षीचं उरलेलं आहे. धूर हिकरीच्या लाकडाचा आहे, गोडसर. त्याच्या खाली दुसरा एक वास आहे. केसांत बसतो. दोनदा राखेने डोकं धुतलं.

१९ सप्टेंबर

भर दुपारी पाहिलं. लाकूड भरायला गड्याने धुरीच्या खोलीचं दार उघडलं होतं आणि मी यादी घेऊन आवारातून चालले होते.

आढ्याला माणसं टांगली आहेत. काखेतून दोर घालून, सदऱ्यांसकट, ओळीने. मोजू नये ते मोजलं गेलं, सवय लागली आहे: अकरा, आणि मागे अंधारात आणखी. पहिला एमस लिटलपेज. पायांत विणलेले मोजे होते, टाचेला रफू केलेलं. कातडं हॅमसारखं तपकिरी झालं होतं आणि खालच्या ताटलीत थेंब पडत होते. ताटली! चरबी जमिनीवर सांडून वाया जाऊ नये म्हणून कुणीतरी ताटली ठेवली होती.

मी कुंपणापाशी ओकले.

मेजर मागे येऊन उभे राहिले. रागावले नाहीत. पाणी दिलं. म्हणाले, तुम्ही शिकलेल्या आहात, समजून घ्याल. ही माणसं या गावासाठी तापाने मेली. त्यांना पुरलं तर कोर्ट पलीकडच्या गावाला जाणार आणि न्यू कॉरिंथवर गवत उगवणार. मग ती फुकटच मेली ना? महिनाभर थांबायचं, गणती झाली की सगळ्यांना एकदम मान देऊन पुरू, तोफ उडवू. मग आवाज खाली आणून म्हणाले, तुमच्या एसालाही लिहा. त्याला पडताना मी पाहिलं आहे हे कुणाला सांगणार नाही.

घरी येऊन मी लिहिलं. एसा, वय छत्तीस. जिवंतांच्या ओळीत ते नाव वाचलं आणि एक क्षण छातीत ऊब आली. त्या एका क्षणाची मला त्या ताटलीपेक्षा जास्त किळस वाटली. खरवडून काढलं. कागदाला भोक पडलं.

२६ सप्टेंबर

इथून जायची वाट एकच, नदी. आणि लव्हिनी तापाने पडली आहे.

चार दिवस तिच्यापाशीच आहे. थंडी भरते तेव्हा खाट दारापर्यंत सरकते. मधल्या वेळात तिचं तोंड चालूच. गावात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणाली, तुलाच काय ते उशिरा कळलं. गणतीवाला तापाला भितो. घोड्यावरून उतरत नाही, रस्त्यावरूनच ओसरीवर बसलेली माणसं मोजतो, फार तर काठीने ढोसून बघतो. पलीकडच्या गावाने मागे गवताची माणसं बसवली होती, वाऱ्याने एकाचं डोकं उडून गणतीवाल्याच्या मांडीवर पडलं! म्हणून मेजरला खरी माणसं लागतात. गालांना डुकराची चरबी आणि विटेची पूड लावणार, म्हणजे रंग येतो.

मग हसायची थांबली. माझं मनगट धरून म्हणाली, डॉर्कस, त्या जाड्या मेजरसाठी मी टोपी घालून ओसरीवर बसायची नाही. मला मातीत घाल. खोल घाल.

मी शब्द दिला. एसाला देता आला नव्हता.

२ ऑक्टोबर

लव्हिनी पहाटे गेली. कुणी उठायच्या आत तिला चादरीवरून ओढत नावेत घातलं. धुकं होतं. तिचंच वल्हं. पुरलं. कंबरेइतकं खोल, मग छातीइतकं. प्रार्थना येत होती तेवढी म्हटली. कुठे पुरलं ते इथे लिहिणार नाही.

परत आले, हात धुतले आणि यादीतून तिचं नाव खोडलं. तिच्या नावावर दोनशे पुरी होत होती. आता एकशे नव्याण्णव.

५ ऑक्टोबर

मेजर यादी घेऊन बसले होते. खोडलेल्या ओळीवर बोट ठेवून हळूच विचारलं, बाई कुठे आहे? मी म्हणाले, मातीत. ते म्हणाले, कुठल्या मातीत?

पर्मीलियाबाईंनी टोमणा मारला की फुकटची भाकरी खाऊन काहींना गावाचं वाटोळं करायला सुचतं. एका बाईपायी दोनशे माणसांचं नशीब. मी म्हणाले, त्यांतली किती गरम आहेत ते आधी सांगा.

गणतीवाला आला की मी रस्त्यात जाऊन त्याला सांगणार. हे बोलायला नको होतं. बोलून गेले.

दुपारपासून पाठीत थंडी.

७ ऑक्टोबर

ताप. दिवसाआड येतो, घड्याळासारखा. तापाची कडू साल मागितली. पर्मीलियाबाई म्हणाल्या, संपली. त्यांच्या फळीवर भरलेली बरणी मी परवाच पाहिली आहे.

मेजर दारातूनच बोलले. जागा सांगा, साल देतो. नाही सांगितलं.

९ ऑक्टोबर

कुत्री भुंकतात. नदीपलीकडे. मेजरचे गडी फावडी घेऊन गेलेत, पर्मीलियाबाईंनीच सांगितलं, हसत, माझे केस विंचरता विंचरता. केस का विंचरतात? तापलेल्या माणसाला सूप देतात. यांनी कंगवा आणला, माझा चांगला झगा इस्त्री करून आणला —

बाहेर मेजर कुणाला तरी म्हणत होते, मेलेली बाई जिवंत बाईएवढीच भरते. आणि बोलत नाही.

लोक हसले. दोघा-तिघांचे आवाज ओळखीचे. त्यांची नावं मीच लिहिली आहेत, वळणदार अक्षरात.

११ ऑक्टोबर

उठता येत नाही. दाराला बाहेरून कडी. पाणीही आज नाही.

चरबीची वाटी आणि विटेची पूड टेबलावर आणून ठेवली आहे. माशा वाटीवर बसतात, मग माझ्या ओठांवर. हाकलायला हात —

धुरीच्या खोलीत नवीन लाकूड भरलं. वास येतो.

१३ ऑक्टोबर, सकाळ

ओसरीवर. चौघांनी उचलून आणलं. खुर्चीला कमरेशी बांधलं, वर शाल. टोपीची नाडी हनुवटीखाली करकचून, जबडा उघडत नाही. थंडी भरली आहे, हलते आहे मी. मेजर म्हणाले, हलते तोवर उत्तमच. वही-पेन्सिल हातात राहू दे म्हणाले, वाचणारी बाई घरंदाज दिसते.

गालांवर चरबी. माशा.

डावीकडे एमस लिटलपेज. त्याच्या डोळ्यांच्या जागी काहीतरी पांढरं वळवळतं आहे. बघत नाही.

उजवीकडे आज नवी खुर्ची मांडली. मान वळत नाही. पण ओल्या मातीचा वास येतो, नदीच्या चिखलाचा. आणि खुर्चीच्या दांडीवर एक गड्यासारखा दंड —

लव्हिनी. माफ कर. माफ कर गं.

घोडा. रस्त्याच्या टोकाला. गणतीवाला नाकाला रुमाल लावून येतो आहे. मेजर टोपी काढून त्याच्या बाजूने चालतात, हसतात, बोट करतात. एकशे नव्वद. एक्क्याण्णव.

वाचता येत असेल त्याला. मोठ्या अक्षरात लिहिते, वही उभी धरते —

साहेब खाली उतरा. काठी नको. हात लावून बघा. गार असेल ते मोजू नका. उजवीकडची बाई मातीतली आहे तिला मातीत परत द्या. मी गरम आहे. साहेब मी अजून गर