वाईला पाठवलेल्या निम्म्या गोळ्या

कोथरूड, पुणे
दसऱ्याचा दुसरा दिवस, २००५

प्रिय नागोराव,

हात जोडून नमस्कार. (जोडले की दोघं एकमेकांना धरून राहतात, सोडले की पुन्हा थरथर सुरू.) तुझा कंप कसा आहे? वेणूबाईंचे गुडघे? इकडे हेमा ठणठणीत आहे आणि तसं ती मला दिवसभर ऐकवते.

तार ऑफिसात आपण जन्मभर शेजारी बसून बोटं आपटली, निवृत्तीनंतर हा कंपही दोघांना एकाच वर्षी जडला, तेव्हा औषधातही वाटणी व्हावी हे मला सरळच वाटलं. इथल्या इस्पितळातल्या डॉक्टर सुहाना (नात शोभेल एवढी पोर) यांनी समजावलं होतं, की मेंदूतल्या मज्जापेशींत मायटोकाँड्रिया नावाची इवली वीजघरं असतात. ती बिघडली की पेशी मरते, आणि मेलेली परत येत नाही. उरलेल्या वाचवता येतात का, हे पाहायला नव्या गोळीची चाचणी होती. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती पिठाची, आणि कोणाला कुठली हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. आमचा संतोष आयटीतला, म्हणाला, "बाबा, फिफ्टी-फिफ्टी चान्स आहे हां." म्हटलं, मला पीठ देतील? हिंमत आहे?

रोज दोन मिळायच्या. सकाळची मी घ्यायचो, रात्रीची तुझ्यासाठी ठेवायचो आणि चिवड्याच्या पुड्यात घालून स्वारगेटला वाईच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचो. (एकानं चिवडा खाल्ला. गोळ्या मात्र प्रामाणिकपणे पोचवल्या.) रिकामी बाटली पाहून सुहानाबाई म्हणायच्या, तुमच्यासारखा नियमित पेशंट नाही. मी मान खाली घालायचो, तो विनय समजला जायचा. आणि गुण काय आला! कप बशीवर वाजेना. सोसायटीच्या गणपतीत आरतीचं तबक मी धरलं. तुझंही पत्र आलं, की घाटावर एकटा फिरून येतोस आणि तिथल्या डॉक्टरांची जुनी गोळी बंद केलीस. ते मी अख्ख्या सोसायटीला वाचून दाखवलं. आता लाज वाटते.

परवा चाचणीचा निकाल कळला. माझी गोळी पिठाची होती. म्हणजे तुझीही. खरी ज्यांना मिळाली, त्यांच्याही पेशी वाचल्याचं दिसत नाही म्हणतात. मी त्या पोरीला सगळं सांगून टाकलं. तिनं कपाळाला हात लावला, मग म्हणाली, "काका, शून्याचं निम्मं केलंत, माझ्या आकड्यांचं काही बिघडलं नाही. पण वाईच्या काकांचं काय?" काल तुला फोन केला तो हेच सांगायला. पण तू इतक्या आनंदानं "गुण आहे" म्हणालास, की मी हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. फार वाईट वाटतंय रे.

तुझा,
तात्याराव

ता. क. माझ्यावर चिडायचं ते सावकाश चिड. आधी वेणूबाईंना घेऊन डॉक्टरांकडे जा आणि जुनी गोळी आजच सुरू करून घे. पत्र एवढ्यासाठीच होतं, वरचं सगळं हे लिहायचं टाळताना लिहून झालं.

ता. क. दुसरा. उरलेल्या पिठाच्या गोळ्या टाकू नकोस. निम्म्या माझ्यासाठी कंडक्टरकडे दे. तूही तिकडे आत्ताच घेतली असशील, या विचारानं सकाळी माझा कप वाजायचा नाही. आज वाजला.