अहवालातला एक शब्द

सोलापूर,
१७ ऑगस्ट २०२५

ती. रुक्मिणीताईस,
अवधूतचा शि. सा. न. वि. वि.

तुझे दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. तब्येत ठीक आहे. जे सांगायचं ते तोंडाने सांगवत नाही, म्हणून इतक्या वर्षांनी तुला पत्र लिहितोय. निवेदितालाही अजून बोललेलो नाही.

आमच्या शाळेच्या वसतिगृहात भाकऱ्या करणारी महानंदा तुला आठवत असेल. गेल्या वेळी तू आलीस तेव्हा तिच्या शेंगाचटणीची पुडी बांधून नेली होतीस. जूनअखेरीस टँकरचं पाणी घाण आलं आणि बावीस मुली उलट्या होऊन आजारी पडल्या. रेक्टरबाईंनी ऐकून घेतलं नाही. तेव्हा महानंदाच मुलींना म्हणाली की नुसत्या रडत काय बसताय, हापिसापुढं जाऊन बसा की! मुली दिवसभर उपाशी बसून राहिल्या. संध्याकाळी चांगलं पाणी आलं.

विश्वस्तांना इंग्रजीत अहवाल पाठवायचा होता. इंग्रजी म्हटलं की अवधूत सर! मला महानंदाचं कौतुक करायचं होतं, ताई, शपथेवर सांगतो. तिने मुलींना उत्तेजन दिलं, असं मनात होतं आणि मी ‘इन्साइट’ (incite) हे क्रियापद वापरलं. कधीकाळी शब्दकोशात त्याचा पहिला अर्थ ‘उत्तेजन देणे’ असा वाचला होता. आपल्याकडे उत्तेजनार्थ बक्षीस देतात, तसलं उत्तेजन मी धरून चाललो. एकतीस वर्षं मुलांनाही तेच शिकवलं. पुढचा अर्थ ‘चिथावणे’ होता, तिथवर मी गेलोच नाही. इंग्रजीत हा शब्द दंगलीसाठी, मारामारीसाठी वापरतात. चांगल्या कामासाठी ‘एन्करेज’ म्हणायचं, फार तर ‘अर्ज’ (urge).

जुलैच्या सुरुवातीला चौकशी झाली. अध्यक्षांनी माझाच कागद वाचून दाखवला आणि म्हणाले, तुमचेच शिक्षक लिहितायत की हिने मुलींना भडकावलं. माझी चूक मला त्या क्षणी कळली. महानंदा समोर उभी होती. तिने कागदात काय लिहिलंय ते विचारलं. अध्यक्षांनी मला सांगितलं, सर, तुम्हीच मराठीत सांगा.

मी सांगितलं, “तुम्ही मुलींना चिथावलंत, असं लिहिलंय.”

इंग्रजीच्या शिक्षकाला इंग्रजी येत नाही, हे पाच माणसांसमोर कबूल करण्यापेक्षा मला ते सोपं वाटलं. ती माझ्याकडे बघत एवढंच म्हणाली, “व्हय, बोलले मी. पोरी वकत हुत्या.” त्याच दिवशी तिला कामावरून काढलं, ती गावी भावाकडे निघून गेली. मी घरी येऊन जेवलो.

काय करू ते सांग. रागावलीस तरी चालेल, पण मला परकं करू नकोस.

तुझा,
अवधूत

पंढरपूर,
२१ ऑगस्ट २०२५

चि. अवधूत यास अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. रागावले आहे. पहिल्यांदा वाटलं, फोन करून चांगलं फैलावर घ्यावं. पण तू लिहिलंस, म्हणून लिहिते.

मीही छत्तीस वर्षं शिकवलं. फळ्यावर चुकीचं उत्तर लिहून वर पोरींनाच दटावलंय. शब्द चुकला त्याचं मला फारसं काही वाटत नाही. पण ती बाई दीड महिना घरी बसली आहे आणि तू रोज शाळेत जातोयस, तास घेतोयस, हे माझ्या घशाखाली उतरत नाही.

मला पत्र लिहिलंस म्हणजे तुझं काम झालं, असं समजू नकोस. आधी विश्वस्तांना लेखी दे. मग तिच्या गावी जा. फोनवर उरकू नकोस, दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. आणि निवेदिताला आजच सांग. बायको आहे तुझी, तिला बाहेरून कळलं तर जास्त लागेल.

माझे गुडघे बरे आहेत. रोज औषध खातेस का म्हणून विचारायला तरी फोन उचलत जा.
परकं करायला तू काय सोयरा आहेस? माया आहे तशीच आहे.

तुझी,
ताई

सोलापूर,
१० सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
अवधूतचा शि. सा. न. वि. वि.

सांगितलंस तसं केलं. निवेदिताला आधी सांगितलं. विश्वस्तांना पत्र दिलं, बैठकीत उभं राहून चूक सांगितली. अध्यक्ष हसले. मुख्याध्यापिका हसल्या नाहीत. दहावीचे तास माझ्याकडून काढून घेतलेत. महानंदाला परत घेतल्याचं पत्र मिळालं. ते मी टपालाने जाऊ दिलं नाही.

रविवारी एसटीने सांगोल्याला गेलो, तिथून जीपने तिच्या भावाच्या, मायाप्पाच्या वस्तीवर. ती शेरडांना पाला घालत होती. मी पत्र दिलं आणि सगळं सांगितलं. इंग्रजी शब्द कोणता, त्याचा अर्थ काय, माझ्या मनात काय होतं. गाडीत बसल्यापासून घोकलेलं होतं, तसं नीट सांगून झालं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “इंग्रजी मला येत न्हाय, सर. चुकलं आसंल. पन त्या दिवशी मला मराठीत सांगितलंत, तितं बी चुकलं व्हय?”

ताई, विश्वस्तांसमोर मी हे बोललोच नव्हतो. तुला लिहिलं, पण बैठकीत फक्त शब्दाची चूक सांगितली आणि प्रामाणिक माणूस म्हणून खाली बसलो. तिच्यासमोर खोटं बोलता आलं नाही. म्हणालो, ते चुकून नाही, जाणूनबुजून केलं.

तिने हातातला पाला शेरडांपुढे टाकला. मग भावजयीला हाक मारून म्हणाली की ह्यांना च्या दे, लांबनं आल्यात. मला म्हणाली, “पोरींसाटी येते. लई हाल झालं आसतील त्येंचं. तुमी मातर माज्याशी बोलू नका.” आणि शेरडं घेऊन माळाकडे निघून गेली. मी मायाप्पासमोर बसून तो चहा प्यालो. त्याला काही माहीत नव्हतं, तो डाळिंबांविषयी बोलत राहिला.

बैठकीत न सांगितलेली गोष्ट काल लिहून दिली. अजून कुणी काही बोललेलं नाही.

परवा सोमवारी ती कामावर आली. मी वरच्या मजल्यावर नववीच्या वर्गात होतो. खाली मुलींचा एकदम गलका झाला, टाळ्या वाजल्या. माझ्या वर्गातल्या मुलीही धावत गेल्या, मी अडवलं नाही. रिकाम्या वर्गात उभा राहून ऐकत होतो. ज्ञानदा नावाची मुलगी अर्ध्या जिन्यातून परत आली आणि म्हणाली, सर, महानंदामावशी आल्यात, तुम्ही चला की.

मी म्हटलं, तू जा.

रागावून का होईना, लिहीत राहा.

तुझा,
अवधूत