काउंटाची सातवी वही

प्रिय दादा,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नको. तुला जाऊन अकरा महिने होत आले. रोज लिहायला बसतो आणि काहीतरी आडवं येतं. कधी चष्मा सापडत नाही, कधी दारात कोणीतरी येतं. खरं सांगायचं तर भीती वाटते. पण पुढच्या महिन्यात तुझं वर्षश्राद्ध आहे. त्याआधी हे सांगितलं नाही, तर दहाव्याला झालं तेच पुन्हा होईल.

दहाव्याला कावळा शिवला नाही रे. खाडीकाठी उन्हात आम्ही दोन तास उभे होतो. तुझ्या विनयने हात जोडून सगळं कबूल केलं. आईला सांभाळीन, बागेची वाटणी करणार नाही, घर विकणार नाही. कावळे माडावर बसून नुसते बघत होते. मागून कोणीतरी म्हणालं, दादा परत बोटीवर गेले असतील, कॅप्टन रजा देत नसेल. लोक हसले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

मी सगळ्यांच्या मागे उभा होतो. तू कशासाठी अडला आहेस ते मला ठाऊक होतं. मी तोंड उघडलं नाही.

तुझा तो काउंट! हॅम्बुर्गला बोट दुरुस्तीला लागली होती, तेव्हा रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत तुला तो मिळाला. मुखपृष्ठावरच्या मिशा आणि छातीवरची पदकं बघून ते चरित्र घेतलंस म्हणे. मग बोटीवरच्या जर्मन लोकांकडून भाषा शिकलास आणि निवृत्त झाल्यावर ते पुस्तक मराठीत उतरवायला बसलास. दीडशे वर्षांपूर्वीचा उमराव, तिसरा मुलगा, म्हणून वाट्याला जमीन नाही. राजाचा वकील होऊन देशोदेशीच्या दरबारांत फिरला. बाजारात लोक तुझी चेष्टा करायचे, "काय दादा, काउंट कुठवर आला?" तू अगदी गंभीरपणे सांगायचास, "कॉन्स्टँटिनोपलला. ताप आहे त्याला."

एकदा मी चिडून विचारलं होतं, त्या मेलेल्या जर्मनाचं तुला एवढं काय पडलंय? आठवतं काय म्हणालास?

"बाळ्या, ह्या माणसानं जन्मभर एकाचं म्हणणं दुसऱ्याला पोचवलं. त्याचं स्वतःचं म्हणणं काय, ते कोणी विचारलंच नाही."

मला तेव्हा ते कळलं नाही. तीस वर्षं तू इंजिनखोलीत वरून ओरडलेले हुकूम पाळत होतास, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

प्रत्येक वही पुरी झाली की तू आधी मला द्यायचास. का रे? मी चौथी शिकलेला, ओळीवर बोट ठेवून वाचणारा. पण सहा वह्या मी वाचल्या, देवाशपथ. पीटर्सबर्गमध्ये त्याची बायको गेली आणि तहाची बोलणी अडू नयेत म्हणून तो त्याच दिवशी मेजवानीला जाऊन बसला, तिथे मी रडलोसुद्धा. तुला सांगितलं नव्हतं.

सातवी वही आली ती आंब्याच्या ऐन घाईत. मी ती बागेतल्या मांगरात पेट्या भरायच्या बाकावर ठेवली, रद्दीच्या गठ्ठ्याशेजारी. त्या दिवशी कामाला माणसं कमी होती, टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, डोळ्यांवर चष्मा नव्हता. पेंढ्यावर कागद, कागदावर आंबे, वर पुन्हा कागद. हाताला लागेल ते फाडत गेलो. टेम्पो वळणावरून दिसेनासा झाल्यावर हातात उरलेला कागद बघितला, तर त्यावर तुझं अक्षर.

तुझा काउंट हापूसच्या पेट्यांतून वाशीला गेला, दादा. मी पाठवला.

तू विचारलंस, "वाचलंस काय रे?" मी म्हणालो, वाचतोय. पुन्हा विचारलंस, तेव्हा म्हणालो, थोडंच राहिलंय. तिसऱ्यांदा तू इस्पितळाच्या खाटेवर होतास.

"शेवट कसा वाटला?"

"छान आहे," मी म्हणालो.

"छान?" तू माझ्याकडे बघितलंस आणि भिंतीकडे तोंड फिरवलंस. त्यानंतर तू त्याबद्दल बोलला नाहीस. तुला तेव्हाच कळलं ना? मग शिव्या का नाही दिल्यास? दोन थोबाडीत दिल्या असत्यास तर मी आज असा तळमळत बसलो नसतो.

उरलेला कागद मी पोथीत जपून ठेवला आहे. त्यावर शेवटची ओळ अशी आहे, ‘म्हातारा काउंट कायमचा घरी आला. बग्गीतून उतरताच त्याने विचारले,’ आणि कागद संपला. काय विचारलं त्याने? दहा महिने मला हेच खात होतं.

गेल्या महिन्यात विनयकडून तुझं जर्मन पुस्तक मागून आणलं. कुठली वही कुठे सुरू होते त्याच्या तुझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेतच. आता फोन पानावर धरला की मोडक्यातोडक्या मराठीत अर्थ दिसतो. माझी सून अश्विनी दुपारी फोन धरून वाचते, मी लिहून घेतो. समजलं नाही की ती म्हणते, "मामंजी, दादाकाकांनी हे कसं लिहिलं असतं?" मी तीच ओळ पुन्हा वाचायला सांगतो.

त्याने विचारलं होतं, "माझ्यासाठी काही निरोप आहे का?"

नव्हता. नवा राजा आला होता, जुन्या वकिलाची कोणाला आठवण नव्हती. मग मरेपर्यंत तो नाशपातीच्या बागेत बसून टपालवाल्याला रोज तेच विचारत राहिला. हा शेवट, दादा! आणि मी त्याला छान म्हणालो.

आता तुला शब्द देतो. तुझ्यासारखं लिहिणं मला जमणार नाही, अक्षरही वाकडं आहे, पण श्राद्धाच्या आत सातवी वही पुरी करीन. कावळ्याचा घास ठेवताना ती पानाशेजारी ठेवीन आणि मी काय केलं ते सगळ्यांसमक्ष, विनयच्या तोंडावर सांगीन. या वेळी मागे उभा राहणार नाही.

मग मात्र माडावर बसून नुसता बघत राहू नको. खाली ये. राग असला तरी ये, एक शीत उचल आणि जा. माझंही वय झालं, मला फार वाट बघवत नाही. लवकर कळव.

तुझा धाकटा,
बाळ्या