तिसऱ्या आग्रहाला गेलेला मॅग्नस

प्रिय आर्डिसताईस,

धाकट्या व्हर्नाचा आदरपूर्वक नमस्कार. तुझं कंबरेचं दुखणं उतरणीला लागलं असेल, टोमॅटोंना यंदा सशांनी सोडलं असेल आणि चर्चमधल्या कॉफीचा कारभार अजून तुझ्याच हातात असेल, असं धरून चालते. आमचं क्षेम मात्र लिहिण्यासारखं राहिलेलं नाही. आधी खाली बस आणि मग पुढे वाच. मॅग्नस गेला. (मेला नाही. मेला असता तर निदान शेजारपाजारचे भट्टीत भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश घेऊन भेटायला तरी आले असते.) आमच्या ह्यांनी तो देऊन टाकला. आपल्या तोंडानं, हसत हसत, परक्या माणसांना! कालपासून माझं डोकं ठिकाणावर नाही, म्हणून अक्षर असं आलंय, तेवढं सांभाळून घे.

दर उन्हाळ्यासारखं यंदाही आम्ही गाडीमागे राहायचा कॅम्पर जोडून लूनबर्ग तळ्यावर गेलो. यंदा तिथे पाळीव प्राणीवाल्यांसाठी पाण्याकाठची वेगळी रांग काढली आहे. मी म्हटलं, बरं झालं, मॅग्नसच्या भुंकण्याला कुणी नाक मुरडणार नाही. पण ताई, तिथली कुत्री बघून मी गारच पडले! एक बाबागाडीतून हिंडत होतं. एक काळा चष्मा लावून होडीत बसलं होतं आणि मालक बिचारा घामाघूम होऊन वल्हवत होता. एकाचा तर वाढदिवस होता, टोपी-बिपी घालून. सगळ्या रांगेनं टाळ्या वाजवून गाणं म्हटलं, केक वाटला, मीही दोन तुकडे खाल्ले. तो केक कुत्र्यांसाठी केलेला, काळजाचा होता हे मागाहून कळलं. (चव वाईट नव्हती. पण आमच्या ह्यांना सांगू नकोस, ते जन्मभर ऐकवतील.) या सगळ्यांत आमचा मॅग्नस म्हणजे आखूड पायांचा, एक कान चावलेला, पोट जमिनीला टेकणारा. तरी मला त्याच्यापुढे सगळी फिकी वाटली.

आमच्या शेजारी उतरली होती क्राउसे मंडळी, डेलमार आणि फिलिस. माणसं सालस. तो दुधाचा टँकर चालवून निवृत्त झालेला, ती बोलघेवडी. त्यांचा कॅम्पर आमच्या गावच्या बँकेएवढा, आत गार हवा, आणि सकाळ झाली की फिलिसबाई बाहेर तव्यावर बेकन परतायला घ्यायची. पहिल्याच सकाळी मॅग्नसनं ह्यांच्या हातातला पट्टा ओढून घेतला आणि थेट तिच्या पायांशी जाऊन बसला. आम्ही आणायला गेलो की ती म्हणायची, ‘राहू द्या हो, आम्हाला करमतं.’ आता एवढं बेकन फुकट कसं खाऊ द्यायचं? म्हणून मी संध्याकाळी तळलेले मासे पाठवले. मासे आले म्हणून तिनं ब्लूबेरीची पाई भाजून पाठवली. पाई आली म्हणून ह्यांनी त्यांची जळाऊ लाकडं फोडून दिली. असे उपकार फेडता फेडता कुत्रा त्यांच्या सतरंजीवर घोरायला लागला, आणि मी हाक मारली तर शेपटीचं नुसतं टोक हलवायचा. ज्याला मी न्युमोनियात चमच्यानं सूप पाजलं, त्यानं मला शेपटीचं टोक दाखवावं!

आता आपल्याकडची रीत तुला मी काय सांगायची? देणाऱ्यानं तीनदा आग्रह करायचा, घेणाऱ्यानं दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा ‘एवढं म्हणताय तर’ म्हणून हात पुढे करायचा. पहिल्यांदा हो म्हणणारा हावरट, आणि दोनदाच विचारणाऱ्याला मुळात द्यायचंच नसतं. (तुझा तो वेंडेल शिकागोचा होता, त्याला ही रीत कुठून ठाऊक असणार? दोनदा लग्नाचं विचारलं आणि तू लाजून नको म्हणालीस तर खरंच निघून गेला. तू तिसऱ्या खेपेची वाट बघत ओसरीत बसलीस. असो, तो विषय नको.)

रविवारी सकाळी दोघांच्याही कॅम्परची आवराआवर चालली होती. मी रबरी हातमोजे घालून सांडपाण्याच्या टाकीचा पाइप धरून उभी होते. ज्यानं कधी हा पाइप धरलाय त्याला कळेल, की घराला आग लागली तरी तो मध्येच सोडता येत नाही. पलीकडे ह्यांचं निरोप घेणं सुरू होतं, म्हणजे मांड्यांवर थापा मारून ‘चला, निघायला हवं’ म्हणायचं आणि पुन्हा हवापाण्यावर बोलत राहायचं. तेवढ्यात मॅग्नसनं टुणकन उडी मारली आणि क्राउसेंच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसला.

‘अगं बाई, ह्याला आमच्याबरोबर यायचंय वाटतं!’ फिलिस म्हणाली.

‘मग न्या की!’ इति आमचे हे.

‘छे हो, भलतंच काय!’ डेलमार म्हणाला.

‘न्या हो, नाहीतरी तुमच्याकडेच असतो.’

‘नको नको, तुम्हाला चुकल्यासारखं होईल,’ फिलिस म्हणाली.

ताई, इथे थांबायचं होतं! दोनदा झालं होतं, कुणाचा मान गेला नव्हता. मी पाइप धरून ‘अहो! अहो!’ ओरडत होते. ह्यांना वाटलं मी टाकीचं काहीतरी सांगतेय. त्यांनी मला हात केला आणि वळून म्हणाले, ‘नाही म्हणू नका आता, आम्हाला वाईट वाटेल.’

‘एवढं म्हणताय तर...’ असं म्हणून डेलमारनं गाडी सुरू केली. मॅग्नस खिडकीतून वारा खात, माझ्याकडे बघत गेला.

घरापर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले. हे मध्येच म्हणाले, ‘मला वाटलं ते नकोच म्हणतील.’ तीनदा आग्रह करून वर हे! परत मागावा म्हटलं तर दिलेलं परत मागणारं माणूस आपल्या सात पिढ्यांत झालं नाही. पण काल पलंगावर पाय पसरले आणि पायांशी त्याचं ते जडशीळ धूड नव्हतं, तेव्हा मी उशीत तोंड घालून रडले. मुलं घर सोडून गेली तेव्हा एवढी रडले नव्हते. तो मला हवाय, बास.

तिकडच्या सगळ्यांना विचारलंय म्हणून सांग आणि जपून राहा.

तुझी,
व्हर्ना

ता. क. पत्राचं खरं कारण असं की हे क्राउसे तुझ्याच गावचे निघाले, पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीतले. तू लेमन बार्सचा, तुझ्या त्या लिंबाच्या वड्यांचा, ट्रे घेऊन सहज म्हणून जा. कुत्र्याची भरपूर तारीफ कर. ‘मग घेऊन जा की’ असं त्यांना म्हणावंच लागेल. दोनदा नको म्हण. तिसऱ्यांदा मात्र, ताई, काही झालं तरी उचल त्याला.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तोच फिलिसचा फोन आला. मॅग्नस जेवत नाही, बेकनकडे बघतसुद्धा नाही, दाराकडे तोंड करून बसतो. म्हणाली, ‘तुमचं मन मोडू नये म्हणून आम्ही नेला हो. रविवारी आणून देऊ का?’ आणि माझ्या ह्या मेल्या तोंडातून काय निघालं असेल? ‘अय्या, एवढ्या लांब कशाला येता, राहू द्या की!’ ती म्हणाली, ‘नाही, आणतोच.’ मी म्हटलं, ‘खरंच राहू द्या हो.’ ती म्हणाली, ‘नक्की ना?’ मी म्हटलं, ‘अगदी नक्की.’ फोन ठेवला तर हे दारात उभे. माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली आणि माझ्याशेजारी बसले.

तेव्हा बार्स राहू देत. नुसता पट्टा घेऊन जा, दार वाजव आणि म्हण, ‘माझ्या बहिणीचा कुत्रा द्या.’ जाशील ना? मी एकदाच विचारतेय. पहिल्याच खेपेला हो म्हण.