विहिरीवरची चिंच

होशंगाबाद, ता. १४ जानेवारी १९२६

तीर्थरूप दादांस धाकट्या त्रिंबकचा नमस्कार.

सकाळी गव्हाला पाणी दिले. दुपारी तुमचे पत्र आले. माझी प्रकृती बरी आहे.

आईचे तेरावे होताच तुम्ही विहिरीवरची तिची चिंच तोडलीत. वर लिहिता, "तू लई लांब, तुला कावून विचारायचं?"

इथे क्वेकर पंथाची गोरी मंडळी आणि आम्ही देशी माणसे एकत्र राहून शेती करतो. झाड तोडायचे तर सगळे गप्प बसून विचार करतात. एकाचाही नकार असला तर कुऱ्हाड उचलत नाहीत. स्वयंपाकाच्या बाई नको म्हणाल्या म्हणून आंबा वाचला.

आज मीही त्यांच्यात बसलो. राग गेला नाही.

घरच्या गोठ्यामागचा कडुलिंब राहिला आहे. त्याला माझा नकार आहे. मला मोजा.

वहिनींचा खोकला कसा आहे?

सगळे जेवायला गेलेत. आईने दिलेल्या चिंचेचा शेवटचा गोळा भिजत घालतो आणि एकट्यापुरती आमटी करतो.

त्रिंबक